अंड्याला करार लागू नाही

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गल्लीत भलतंच पसरलंय. मला बदकांची हौस नव्हती. मांजर मांडीवर चढलं तर मी उठून उभा राहणारा माणूस आहे. रस्त्यात कुत्रं दिसलं की मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो. असा माणूस बदकांच्या नादी लागतो तो हौसेनं नाही, घर वाचवायला लागतो. हे एकदा नीट समजून घ्या, मग काय हसायचं ते हसा.

घर भाड्याचं. पण काय घर! बायको नर्स आहे आणि तिचं हॉस्पिटल इथून दोन गल्ल्या सोडून. याआधीच्या घरातून ती दोन बस बदलून जायची. रात्रपाळी करून परत आली की बूट काढता काढता दारातच भिंतीला टेकून झोपायची. या घरात आल्यापासून ती घरी येऊन जेवते, मग झोपते, आणि मुख्य म्हणजे माझ्याशी भांडायला तिच्या अंगात ताकद उरते. मी घरी बसून छापखान्याची प्रूफं तपासतो, त्यामुळे मला कुठलंही घर चालतं. तिला हेच घर हवं होतं. "हे घर गेलं तर मी नोकरी सोडेन," असं ती एकदा म्हणाली होती, आणि ती उगाच काही बोलत नाही.

घराला मागे बाग आहे. कोबीचे दोन वाफे आणि कडेनं झेंडू. ती मालकांच्या बायकोनं लावलेली. बाई गेल्या आणि मालक मुलीकडे सहाव्या मजल्यावर राहायला गेले. आम्हाला घर देताना त्यांनी दोनच अटी घातल्या. बाग जपायची आणि घरात प्राणी ठेवायचा नाही. "करार संपला की बाग बघीन," ते म्हणाले होते, "आणि मग पुढचं ठरवीन."

करार संपत आला आणि बागेत गोगलगायी आल्या.

आता तुम्ही म्हणाल, गोगलगायी त्या केवढ्या! माझंही तेच मत होतं. सकाळी उठून पाहिलं तर कोबीच्या पानांची चाळणी झालेली. मी मीठ टाकलं, तर गोगलगायी राहिल्या आणि कोबी वाळला. राख टाकली, ती वाऱ्यानं शेजारच्या दोरीवरच्या चादरींवर गेली. चादरी कंपाउंडरच्या होत्या.

हे कंपाउंडर म्हणजे आमचे शेजारी. आयुष्यभर डॉक्टरच्या हाताखाली औषधं बांधली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच डॉक्टर झाले, फक्त पेशंट म्हणून त्यांनी अख्खी गल्ली धरली. कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून ते माझी बाग बघत आणि रोज नवं निदान करत. चादरी झटकत ते म्हणाले, "भाऊ, गोगलगायीवर औषध एकच. बदक."

"करारात प्राण्याला बंदी आहे," मी म्हणालो.

"मग आजच बदक कशाला आणताय? अंडी आणा. माझ्या ओळखीची एक बाई बदकं पाळते. पिल्लं निघेपर्यंत नवा करार होऊन जाईल."

मी रात्रभर विचार केला. शब्दांत जन्म गेलेला माणूस मी. करारात लिहिलं होतं 'प्राणी'. अंडं हा प्राणी आहे का? नाही. अंडं चालत नाही, ओरडत नाही, गादीवर घाण करत नाही. अंड्याला करार लागू नाही! हा युक्तिवाद मी बायकोला सकाळी दात घासताना ऐकवला. तोंडात फेस असल्यामुळे तिला बोलता आलं नाही आणि मी त्याला होकार समजलो.

तरी सगळं कायद्यात बसवावं म्हणून मी पशुसंवर्धनाच्या कचेरीतही जाऊन आलो. पुढे कोणी तक्रार केली तर आपली बाजू भक्कम हवी. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "किती बदकं आहेत?"

"अजून एकही नाही."

"नसलेल्या बदकांची नोंद मी कशी करू?"

"अंडी आहेत ना."

"अंडी खाद्य विभागात. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "विकायची आहेत की खायची?"

"उबवायची आहेत."

"म्हणजे पिल्लं होणार. मग खाली जा."

मी खाली गेलो. खिडकी बंद झाली होती आणि आतून डबा उघडल्याचा आवाज येत होता. मी काचेवर टकटक केलं तर आतला माणूस म्हणाला, "आधी पिल्लं तर निघू द्या, साहेब!" एका सुशिक्षित माणसाला असं बोलतात का? पण तिथे मला साहेब म्हटलं गेलं, एवढ्यावर समाधान मानून मी घरी आलो.

अंडी आली. थर्माकोलचं खोकं आणलं, त्यात बल्ब लावला, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी ठेवली आणि बायकोचा थर्मामीटर आत टांगला. अंडी दिवसातून बरेचदा फिरवायची असतात. कुठली बाजू वर होती ते कळावं म्हणून मी प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. हे सगळं माझ्या कामाच्या टेबलावर, प्रुफांच्या शेजारी. वीज गेली की मी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात सरकवायचो आणि थर्मामीटरकडे बघत बसायचो. बायको म्हणाली, "मला ताप आला होता तेव्हा तुम्ही सिनेमा बघत होतात." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आठवड्यानं कंपाउंडर टॉर्च घेऊन आले. अंड्याखाली उजेड धरला की आत काय चाललंय ते दिसतं. बरीचशी अंडी नुसती पिवळी दिसली, ती गेली. तीन अंड्यांत मात्र लाल शिरांचं जाळं होतं आणि मधे एक ठिपका हलत होता. खरं सांगतो, मी टॉर्च हातात घेऊन तो ठिपका पुन्हा पुन्हा पाहिला. कंपाउंडर म्हणाले, "आता यांच्याशी रोज बोला. पिल्लं कवचात असल्यापासून आवाज ओळखतात. जो बोलेल त्याच्यामागे जातात."

रिकाम्या खोलीत अंड्यांशी काय बोलायचं? मी एकदा 'हॅलो' म्हटलं. मग इकडेतिकडे पाहिलं. दारात बायको उभी होती. त्यानंतर मी अंड्यांशी कधी बोललो नाही.

आणि मालकांचा रोज संध्याकाळी फोन यायचा.

मालक एकदा बोलायला लागले की थांबत नसत. कोबीला पाणी बुंध्याशी घाला, वरून नको. झेंडूची वाळलेली फुलं खुडता ना? ती खुडायची. ती भिंतीकडेची ओळ ना, ती आमच्या हिनं पाय मुरगळलेला असताना लावली होती, मी नको म्हणत होतो. मी फोन स्पीकरवर टाकून खोक्याला टेकवून ठेवायचो आणि माझी प्रूफं तपासायचो. दर पानाला एकदा "हो" म्हणायचं आणि दोन पानांनी "वा!" म्हणायचं. कोबीची चौकशी केली की "उत्तम!" असं सांगायचं. कोबीचे तोवर देठ उरले होते.

एका संध्याकाळी मालक नेहमीसारखे म्हणाले, "काय, झेंडू काय म्हणतोय?" आणि खोक्यातून आवाज आला. टक, टक. मग अगदी बारीक, "पीप."

माझ्या हातातलं पेन पडलं. मी खोक्यात डोकावलो. एका अंड्याला तडा गेला होता. मी हळूच म्हणालो, "हॅलो." काही नाही. शांतता! मालक म्हणाले, "काय म्हणालात?" आणि तिन्ही अंड्यांतून एकदम "पीप पीप पीप!"

"कसला आवाज हो?"

"लाइन खराब आहे, मालक."

"पीप!"

"बरं, मी उद्या दुपारी येतो. करार घेऊन येतो, पण आधी बाग बघणार. मुलीच्या ऑफिसातलं एक कुटुंब घर मागतंय, त्यांनाही उत्तर द्यायचंय."

फोन ठेवला तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. महिनाभर अंडी कोणी फिरवली? मी. बाटल्या कोणी गरम केल्या? मी. आणि ओळख कोणाची, तर मालकांची! पण अपमान वाटून घ्यायला तेव्हा सवड नव्हती. ज्या माणसाला अंडी कळता कामा नयेत, नेमक्या त्याच माणसाच्या आवाजाला ती ओ देत होती, आणि तो माणूस दुपारी घरात येऊन बोलणार होता. बायकोला सांगितलं तर ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "परत दोन बस." एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं बाहेर आली. ओली, चिकट, मानेचा तोल न सांभाळणारी. मी माझा चेहरा खोक्यावर धरून बसलो की निदान आता तरी ओळख होईल. तिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि बल्बकडे तोंड फिरवलं.

बागेचं काय करायचं, हे कंपाउंडरनी भिंतीवरून सांगितलं. "भाजीवाल्याकडून गड्डे आणा आणि बसवा वाफ्यात. खिडकीतून कोण ओळखतंय!" बुडत्या माणसाला सल्ल्यात निवड करता येत नाही. मी पिशवीभर कोबी आणला आणि एकेक गड्डा मातीत दाबून बसवला. आम्ही ठरवलं की मालकांना खिडकीतूनच बाग दाखवायची, मागे जाऊ द्यायचं नाही, आणि शक्यतो बोलू द्यायचं नाही.

"बोलू द्यायचं नाही म्हणजे?" बायको म्हणाली. "मालकांना?"

दुपारी दारात आवाज आला, "आहे का कोणी घरात?" आणि आतल्या खोलीतून तीन गळे एकदम फुटले. बायकोनं धावत जाऊन मिक्सर लावला. मिक्सर रिकामा होता.

"या, या, मालक!" मी ओरडलो. "बसा! चहा! बिस्किट!"

बिस्किट त्यांनी तोंडात घातलं तेवढा वेळ शांततेत गेला. मी पुढचं बिस्किट हातात धरूनच उभा होतो. ते गिळून म्हणाले, "मिक्सर बंद करा हो, काही ऐकू येत नाही." मिक्सर बंद झाला. "हं, तर कोबी..."

"पीप!"

"हे काय?"

बायको स्वयंपाकघरातून आली ती सरळ मालकांपुढे उभी राहिली. चेहरा असा की वॉर्डात गंभीर पेशंट आलाय. "काका, तुमचे डोळे लाल का दिसतायत? ताप आहे का? आ करा बघू." आणि तिनं थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली ठेवला. खोक्यातलाच थर्मामीटर तो, स्पिरिटनं पुसलेला. "आता अजिबात बोलायचं नाही."

काय बायको आहे माझी! त्या क्षणी मी तिच्यावर लग्नाच्या वेळी नव्हतो एवढा खूश झालो. मालक थर्मामीटर तोंडात धरून गप्प बसले. आतही सगळं गप्प. थर्मामीटर वाजल्यावर तिनं ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला. "मोजताना बोललं की आकडा चुकतो, काका." मी तेवढ्यात त्यांना खिडकीपाशी नेलं आणि दुरून कोबी दाखवला. हिरवा, टवटवीत, गच्च. मालकांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून करार काढला, पेनाचं टोपण उघडलं. दोन मिनिटांचा प्रश्न होता.

त्याच वेळी कंपाउंडर मदतीला आले. त्यांना कोणी बोलावलं होतं? आत शिरत ते म्हणाले, "नमस्कार मालक! काय म्हणते तब्येत? बोला की काहीतरी!"

आणि मालक बोलले. तब्येत, सहावा मजला, लिफ्ट, मुलीकडचं पाणी, सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं. आतल्या खोलीचं दार मिक्सरच्या गडबडीत उघडं राहिलं होतं. थर्माकोलचं खोकं आडवं पडल्याचा आवाज मी ऐकला. मग फरशीवरून तीन पिवळे गोळे घसरत, पडत, उठत, मालकांचा आवाज जिकडून येत होता तिकडे आले आणि त्यांच्या बुटांवर चढून बसले.

बायकोनं डोळे मिटले. मी म्हणालो, "मालक, अंडं हा तांत्रिकदृष्ट्या..."

मालक खाली वाकले. "कोण रे तुम्ही?" ते म्हणाले. तिघं जिवाच्या आकांतानं ओरडली. ते हळूहळू फरशीवरच बसले. "अरे, अरे, थांबा! सांगतो, सांगतो!" ते हसायला लागले. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. "घरी मी तोंड उघडलं की पोरगी टीव्ही मोठा करते. आणि ही बघा! यांना मी माहीत कसा?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, माणूस खूश आहे, खरं सांगून टाकावं. "तुमचे फोन, मालक. मी फोन स्पीकरवर टाकून खोक्यापाशी ठेवायचो. ती रोज ऐकत होती."

"आणि तुम्ही?"

"मी... माझी प्रूफं..."

त्यांचं हसू गेलं. एकदम गेलं. "म्हणजे तुमचं ते 'वा!' वगैरे..." त्यांनी पिल्लं एकेक करून बुटांवरून खाली ठेवली, भिंतीला धरून उठले आणि मागच्या दारानं बागेत गेले. मी मागे धावलो. ते कोबीपाशी वाकले, एक गड्डा उचलला. गड्डा हातात आला. खाली मूळ नाही, काही नाही. त्यांनी तो जागेवर ठेवला, अगदी नीट, आणि करार घडी करून खिशात घातला.

मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी हाताची माती झटकली. कडेच्या फाटकातून बाहेर पडले आणि चालायला लागले. दारात बायको उभी होती, हातात तो ब्लडप्रेशरचा पट्टा. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. घर गेलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मला त्या माणसापुढे माझीच लाज वाटत होती.

"अहो, पिल्लं!" बायको किंचाळली.

तिघं मालकांच्या मागे बाहेर पडली होती. पण मालक आता गप्प होते, म्हणून ती भांबावली. एक उघड्या गटाराच्या काठावर गेलं. दोन सरळ रस्त्याच्या मधोमध. वळणावरून पाण्याचा टँकर मागे मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत होता. कंपाउंडर टँकरवाल्याला हात करत ओरडत होते आणि तो त्यांना वाट दाखवणारा समजून आणखी जोरात मागे येत होता. मी रस्त्यात गुडघ्यांवर बसलो आणि ओरडलो, "या! या! हॅलो!" गल्लीच्या खिडक्या उघडल्या. लोक बघत होते. पिल्लांनी मान वळवलीसुद्धा नाही. मी हात पुढे केला तर ती उलटी चाकाकडे पळाली.

"मालक!" माझा आवाज चिरकला. "मालक, बोला! काहीतरी बोला! पाया पडतो तुमच्या, बोला!"

मालक वळले. त्यांचा चेहरा ओला होता. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जन्मभर न थांबलेला माणूस आणि नेमकं आत्ता त्यांना शब्द सुचत नव्हता. टँकरचं चाक आलं.

"काय बोलू?" ते कसेबसे म्हणाले. "कोण ऐकतंय?"

तिघं गर्रकन वळली. गटारावरचं, रस्त्यातली दोन, सगळी पिसं न फुटलेले पंख पसरून त्या आवाजाकडे धावत सुटली आणि चाक त्यांच्या मागून निघून गेलं. मालक रस्त्यातच खाली बसले आणि त्यांनी तिघांना कोटाच्या आत घेतलं.

मी त्यांच्याजवळ गेलो. माझे गुडघे फुटले होते. म्हणालो, "चुकलं माझं, मालक. कोबीही चुकला. गोगलगायींनी खाल्ला, म्हणून ही बदकं. घर सोडतो आम्ही. पण तुम्ही एवढ्यात जाऊ नका."

त्यांनी कोटात डोकावून तिघं मोजली. मग म्हणाले, "गोगलगायी कुठून येतात, पाहिलंत का?"

"नाही."

"भिंतीकडून. दगडाखाली असतात दिवसा. मी सांगितलं होतं फोनवर. दोनदा." ते उठले. "चला, दाखवतो."

फाटकातून आत आल्यावर त्यांनी करार कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, प्राण्यांची ओळ खोडली आणि सही केली. बायको तिथेच पायरीवर बसली आणि पट्ट्यानं डोळे पुसायला लागली. "रडू नकोस, पोरी," मालक म्हणाले. "आणि चहा टाक, मघाशी अर्धा राहिला. यांना गोगलगायी खाता येईपर्यंत मी रोज यायचं म्हणतो."

"रोज?" मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच म्हणालो, "या ना! रोज या."

"हं. मग बसा इथे," त्यांनी वाफ्याच्या कडेची जागा दाखवली. मी बसलो. पिल्लं कोटातून उतरून माझ्या शेजारी, पण तोंड त्यांच्याकडे करून बसली. मालकांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, त्यांची बायको या घरात आली आणि मागे नुसता मुरूम होता तिथपासून. आम्ही चौघं ऐकत बसलो.